सकाळचे सात, संध्याकाळचे सात

सिंगापूर, ८ एप्रिल

प्रिय उल्का,

अनेक आशीर्वाद. आपल्या बगळे संघाचा मोसम सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच मला कागद पुढे ओढावा लागला, यावरून काय ते समज. अगं, ही माणसं बॅट घेऊन जातात ती कशाला? वारा घ्यायला? तुझे प्रबोधराव असते तर म्हणाले असते, "ताई, बेसबॉलमध्ये दहातून तीनदा मारणाऱ्याला देव समजतात." बरोबर आहे, पण आपल्याकडे दहातून दोनदा मारणाराही सापडेना. देव राहू दे, एखादा पुजारी तरी?

आज सकाळी नेहमीसारखी खिडकीत बसून फोनवर तुमच्या गावचा रेडिओ लावला. समोर समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी होती, त्यांचे दिवे अजून विझले नव्हते. आणि रेडिओवरचा म्हातारा सांगत होता की मैदानावरचे दिवे आत्ताच लागले. दर एप्रिलमध्ये मला ही गंमत नव्याने कळते. तुझ्या घड्याळात संध्याकाळचे सात, माझ्या घड्याळात सकाळचे सात. काटे तिथल्या तिथे, फक्त उजेड उलटा. नोव्हेंबरात तुमच्याकडे घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा मला उगाच वाटतं की कुणी तरी तुला एक पाऊल लांब नेलं.

माझं मत लिहून ठेव. या मोसमात आपल्याला तारेल तो टोबी केल. हो, तोच तुझा नावडता, नवव्या क्रमांकावर येणारा. मारत नाही, कबूल. पण वाईट चेंडूला बॅट लावत नाही, चार चुकीचे बॉल सोडतो आणि फुकटात पहिल्या बेसवर जातो. सुरुवातीच्या दिवसांवरून माणसाची पारख करू नये.

माझा अमेय आणि गार्गी झुरिकमध्ये मजेत आहेत. जूनमध्ये परत येतील, मग घर पुन्हा भरेल. श्रिया फोनवर म्हणाली, "आजी, युअर टीम सो जिआलात, लाह!" जिआलात म्हणजे पार कामातून गेलेली. स्वित्झर्लंडला जाऊनही हिची जीभ सिंगापूरचीच.

एक विचारायचं होतं. गेल्या दोन पत्रांत तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं.

तुझी,
अरुणाताई


ऑल्डर क्रीक, ओहायो, २१ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र आज आलं आणि पत्रपेटीपाशी उभ्या उभ्या वाचून काढलं. अक्षराचं म्हणशील तर नवीन पेन जाड आहे, म्हणून मोठं येतं. बँकेतल्या हिशेबाची सवय अजून जात नाही वाटतं तुझी, टाचणी दिसली तरी विचारायचं, कुठून आली?

आता केलचं. तू त्याला रेडिओवर ऐकतेस, म्हणून तो तुला साधुपुरुष वाटतो. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला आमच्या नेहमीच्या बाकावर बसते, त्यामुळे मला सत्य माहीत आहे. संघाचं नाव बगळे आहे म्हणून या माणसाने बकध्यानच लावायचं ठरवलंय. खांद्यावर बॅट, आणि चेंडू जातोय तो बघतोय! मी त्याला "बघ्या" म्हणते. त्यापेक्षा माझा ब्रॅनिगन बरा. येईल त्या चेंडूवर बॅट घालतो, दहातले नऊ हुकतात, पण निदान घाम तरी गाळतो.

नवीन पिचर मात्र चेंडू चांगले टाकतात. मारणाऱ्यांनी थोडी लाज राखली तर जुलैपर्यंत आपण मधल्या जागेवर येऊ. याहून जास्त आशा करू नये, असं प्रबोध दर एप्रिलमध्ये सांगायचा आणि स्वतः मात्र करायचा.

अनीशने पुन्हा टुमणं लावलंय. "आई, घर विकून टाक, टेक्सासला ये." मी त्याला स्पष्ट सांगितलं की जोवर मी माझी गाडी चालवत मैदानावर जातेय आणि माझी मी परत येतेय, तोवर या घराचं नाव काढायचं नाही. त्याच्या घरात माणसं चांगली आहेत, खोलीही छान आहे. पण तिथे मी कोण? अनीशची आई. इथे तिकीट फाडणारा पोरगासुद्धा मला "उल्का" म्हणतो आणि प्रबोधच्या बाकावर कुणाला बसू देत नाही. तेवढ्यासाठी भांडणार आहे मी.

तुझं घर जूनमध्ये भरेल हे वाचून बरं वाटलं. माणसांत आहेस, मला तुझी काळजी नाही.

तुझी,
उल्का


सिंगापूर, ३ मे

प्रिय उल्का,

बघ्या म्हण, नाही तर आणखी काही म्हण. कालच मला त्याचा सख्खा भाऊ भेटला.

मेधाने, माझ्या इथल्या मैत्रिणीने, मला शनिवारी पुलाउ उबीन बेटावर नेलं. बमबोट भरेपर्यंत धक्क्यावर बसायचं, बारा माणसं झाली की नाव सुटते, तोवर कुणाला घाई नाही. बेटावर पोरंटोरं सायकली पिटाळत होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या लाकडी पुलावरून चालत चिखलाच्या कडेला गेलो. ओहोटी होती. एक करडा बगळा एका पायावर उभा. मेधा म्हणाली, "हा मेला की काय?" आम्ही डबा काढला, थालीपीठ खाल्लं, पाणी प्यायलो, तिने तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगून संपवली, तरी बगळा तसाच. मला तर वाटायला लागलं की तो उभा आहे म्हणून बेट उभं आहे, तो हलला तर सगळंच पाण्यावर तरंगत जाईल. आणि मग एकदाच मान गेली आणि चोचीत मासा. मी टाळ्या वाजवल्या. मेधाने चारी बाजूंना बघितलं आणि मला पाणी दिलं, तिला वाटलं मला ऊन लागलं.

सांगायचा मुद्दा, केलला वेळ दे.

हां, आता परवाच्या सामन्यात त्याने अगदी मधोमध आलेले तीन चेंडू सोडले, तेव्हा माझ्याही तोंडून शब्द गेला. ते कसलं ध्यान म्हणायचं? बिचाऱ्याला दिसतच नसेल गं! मैदानावर जाशील तेव्हा ओरडून सांग, आधी डोळे तपासून ये म्हणावं, आणि तोवर काठी घेऊन खेळ!

झुरिककरांची खुशाली आहे. तू आठवडाभरात लिही. पत्र यायला उशीर झाला की मी खाली जाऊन पत्रपेटी दोनदा उघडते, आणि शेजारचे मिस्टर टॅन माझ्याकडे दयेने बघतात.

तुझी,
अरुणाताई


ऑल्डर क्रीक, २९ मे

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला. मुद्दामच केला. तुझा डोळ्यांचा आणि काठीचा विनोद मला आवडला नाही. लोकांच्या अशा गोष्टींवर हसू नये, आपल्याला आईने असं शिकवलेलं नाही. झालं, बोलून टाकलं, आता मनात काही नाही.

कारण तुला सांगण्यासारखी बातमी आहे. आज मिलर्सविरुद्धच्या सामन्यात तुझ्या केलने मारलं! अगं, असं मारलं की विचारू नकोस. मी माझ्या बाकावर होते, अगदी समोरून बघितलं. पिचरने आत टाकलेला चेंडू, आणि त्याने तो थेट उजव्या कुंपणापर्यंत धाडला. दोन बेस! सगळं मैदान उभं राहिलं. मीसुद्धा उभी राहिले आणि माझ्या हातातले शेंगदाणे पुढच्या माणसाच्या टोपीवर पडले. तो वळून हसला. आकाश असं गुलाबी झालं होतं, आणि प्रबोध शेजारी आहे असं मला क्षणभर अगदी खरं वाटलं.

तू जिंकलीस, ताई. मी हरल्याचं लेखी देते.

तुझे डोळे बरे असोत. रेडिओ ऐकायला ते लागत नाहीत म्हणा.

तुझी,
उल्का


सिंगापूर, १० जून

प्रिय उल्का,

तुझं पत्र मिळालं.

मीही ऐकलं. छान मारलं केलने. रेडिओवरचा म्हातारासुद्धा खूश झाला होता.

त्या विनोदाचं मनाला लावून घेऊ नकोस. चुकलंच माझं. आपल्या माणसाला कुणी नावं ठेवली की लागतं, हे मला कळायला हवं होतं. तुझा केलवर एवढा जीव आहे हे ठाऊक नव्हतं.

इथे सगळं ठीक. सकाळी खाली कॉफी घ्यायला गेले तर कॉफीवाल्या अंकलने नेहमीसारखं विचारलं, "आंटी, युअर टीम विन ऑलरेडी ऑर नॉट?" मी म्हटलं, "विन." त्याने माझ्या कॉफीत न मागता जास्तीचं दूध घातलं. ती घेऊन मी हार्बरफ्रंटपर्यंत चालत गेले आणि फेरीबोटी सुटताना बघत बराच वेळ बसले. आमचं ऑफिस होतं त्या इमारतीच्या काचेत समुद्र दिसतो, आणि त्यात जहाजं उलट्या दिशेने जातात. नोकरीच्या इतक्या वर्षांत मला ते कधी दिसलं नव्हतं.

तू जेवतेस ना नीट? थंडी गेली असेल आता तिकडची.

तुझी,
अरुणाताई


ऑल्डर क्रीक, २२ जून

ती. ताईस नमस्कार.

तू "मीही ऐकलं" असं लिहिलंस, तिथेच मला कळलं की तुला सगळं कळलंय.

अगं, तू सामना सुरू व्हायच्या आधी राष्ट्रगीतापासून रेडिओ लावून बसणारी बाई. त्या संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागलेच नाहीत. बिघाड झाला, लोक घरी गेले, सामना झालाच नाही. रेडिओवाल्यांनी मग गेल्या ऑगस्टमधला मिलर्सचाच सामना लावला, आणि म्हाताऱ्याने सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं. तू ते ऐकलंस. मी ऐकलं नाही, कारण मी घरात खुर्चीवर डुलकी घेत होते. जाग आली तेव्हा केलने मारलेलं होतं आणि लोक ओरडत होते. मला इतका आनंद झाला की तशीच लिहायला बसले. सकाळी पत्र पोस्टाच्या गाडीतून गेलं, आणि दुपारी शेजारची मिसेस हॉलोवे म्हणाली, काल दिवे गेले म्हणून किती वैताग आला. तेव्हापासून रोज वाट बघत होते की तू काय लिहितेस.

आणि तू लिहिलंस की मीही ऐकलं. ताई, तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं. मी ती ओळ वाचून खूप रडले.

फेब्रुवारीपासून मी गाडी चालवलेली नाही. या मोसमात एकदाही मैदानावर गेलेले नाही. बाक, शेंगदाणे, टोपी, सगळं मनातलं. डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग आलाय, दोन्ही डोळ्यांच्या. कडेचं दिसतं. म्हणजे असं की ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. पिचरकडे बघितलं तर पिचर नाही, पण त्याच्या बाजूचं गवत लख्ख आहे. आरशात बघितलं तर माझे कान दिसतात. डॉक्टर म्हणतात, पार अंधार होणार नाही, पण गेलेलं परत यायचं नाही. तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं असं लिहिलं होतं ना, ते खोटं. भिंग धरून एकेक अक्षर जुळवते. तुझं एक पत्र मला दोन दिवस पुरतं. तसं बरं आहे, तेवढा वेळ तू घरात असतेस.

अनीशला माहीत नाही. कळलं की तो महिन्याभरात घर विकेल आणि मला त्या छान खोलीत नेऊन ठेवेल. मला तिथे जायचं नाही. तू त्याला सांगू नकोस. मोठ्या बहिणीचा हक्क बजावू नकोस, एवढीच विनंती.

तुझी,
उल्का


सिंगापूर, ४ जुलै

प्रिय उल्का,

हे पत्र मुद्दाम जाड काळ्या पेनने, मोठ्या अक्षरात लिहितेय. पाकीट एवढं फुगलं की पोस्टातल्या मुलीला वाटेल आत साडी आहे. हे एका दिवसात वाचून व्हायला हवं. दोन दिवस मी कुणाच्या घरी राहत नाही.

आधी माझं खोटं ऐक. अमेय आणि गार्गी जूनमध्ये आले नाहीत. येणारही नाहीत. त्यांनी तिकडे घर घेतलंय, श्रियाची शाळासुद्धा पक्की झाली. हे मला जानेवारीतच माहीत होतं. तुला लिहिलं असतं तर तू माझी काळजी केली असतीस, आणि मला तुझी काळजी करायची होती, तुझ्याकडून करून घ्यायची नव्हती. श्रियाची खोली तशीच आहे. रोज सकाळी मी तिथली खिडकी उघडते आणि संध्याकाळी लावते, एवढंच त्या खोलीचं काम. काठीचा तो विनोद आठवला की माझे कान गरम होतात. किती मूर्ख बाई मी. केलसाठी रागावलीस असं समजले!

आता माझं म्हणणं शांतपणे वाच. तू मैदानावर जात नाहीस. तू खुर्चीत बसून रेडिओ ऐकतेस. मीही खुर्चीत बसून तोच रेडिओ ऐकते. तोच म्हातारा, तेच चेंडू, घड्याळात तेच सात. मग तू तिथे एकटी आणि मी इथे एकटी, हे कशासाठी चाललंय? इथे ये. आपण शेजारी बसून ऐकू आणि तोंडावर भांडू. मी तुला पोहे करून घालीन. समोर जहाजं आहेत, ती एवढी मोठी आहेत की तुझ्या डोळ्यांच्या कडेत मावतील. आणि इथल्या बागेत, कालव्यात, सगळीकडे बगळे आहेत. खरे.

अनीशला तूच सांगायचं. तो तुझा मुलगा आहे, शत्रू नाही. पण सांगताना हेही सांग की घर विकायचं नाही, नुसतं कुलूप लावायचं. इथे तुला पाहुणी म्हणून किती दिवस राहता येतं ते मी मेधाच्या मुलाला विचारतेय. पण माझा बेत साधा आहे. मोसमाचा शेवट तू माझ्याकडे ऐकायचास, आणि एप्रिलमध्ये मी तुला घेऊन तिकडे यायचं. पहिल्या सामन्याला मी प्रबोधरावांच्या बाकावर बसेन आणि चेंडू कुठे गेला ते तुला सांगेन. तिकीट फाडणाऱ्या पोराला सांगून ठेव.

दया म्हणून बोलावत नाहीये, उल्का. मला तू हवी आहेस. त्या खोलीची खिडकी कुणी तरी आतून उघडावी असं फार वाटतं.

तुझी,
ताई


ऑल्डर क्रीक, १ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

अनीशला सांगितलं. तो फोनवर रडला. मला त्याच्याकडून आरडाओरडा अपेक्षित होता, रडण्याची तयारी केली नव्हती. घर विकणार नाही असं कबूल केलंय. दर महिन्याला येऊन बघून जाईन म्हणाला. एवढा चांगला मुलगा, आणि मी त्याच्यापासून लपत होते.

निघण्याआधी एकदा मैदानावर गेले. खरोखर गेले, मिसेस हॉलोवेला विचार. आमच्या बाकावर बसले. मला वाटलं होतं की फार वाईट वाटेल. पण ताई, रेडिओवर बॅटचा आवाज येतो ना, तो आवाजच नव्हे. इथे तो छातीत येतो. मी डोळे मिटून घेतले, आणि मला गवताचा वास आला, कुणाच्या तरी सॉसेजचा आला, आणि सगळं मैदान मनात इतकं स्वच्छ उभं राहिलं, जितकं पूर्वी डोळ्यांनीही दिसत नव्हतं. मध्ये कुठेही डाग नाही.

तुझा केल आला. शेवटची इनिंग, तिन्ही बेसवर आपले गडी, एक धाव हवी. चेंडू गेला, काही नाही. दुसरा गेला, काही नाही. बॅटचा आवाजच येईना. चारी बाजूंनी लोक त्याला शिव्या घालत होते, त्यावरून मला कळलं की तो आपलाच बगळा आहे. आणि मग चौथा चुकीचा बॉल, हा चालत पहिल्या बेसवर, सगळे एकेक बेस पुढे सरकले, आणि तिसऱ्या बेसवरचा घरी येऊन धाव झाली. जिंकलो! एकदाही बॅट न हलवता! मी एवढी हसले की मिसेस हॉलोवे घाबरली. मी तिला सांगितलं की सिंगापूरला माझी एक बहीण आहे, ती आत्ता या क्षणी खिडकीत बसून नाचत असेल. नाचलीस ना? मी ते अगदी पाहिल्यासारखं पाहिलं.

तिकीट काढलंय. हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच आठवड्यात मी येईन. जाड पेन तयार ठेव, आणि पोह्यांत शेंगदाणे जास्त घाल.

प्रबोधचं घड्याळ मनगटावर आहे. त्याच्याकडे बघितलं की ते नाहीसं होतं, तरी काढत नाही. अनीश म्हणाला, "आई, विमानात सगळे घड्याळं बदलतात. तुझं कोण बदलून देईल?" मी म्हटलं, बदलायचं नाही रे. मी मावशीकडे चाललेय. तिथेही हेच वाजलेत.

तुझी,
उल्का